आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: लॅगवरचे उपाय कोण कुणाला सांगतं?

पर्थमध्ये शनिवारी रात्री साडेनऊ वाजतात तेव्हा पुण्यात सात वाजलेले असतात. माझी भांडी घासून झालेली असतात, माझा मावसभाऊ क्लासवरून परतलेला असतो, आणि आम्ही दोघं पाच-पाच जणांच्या एका नेमबाजीच्या खेळात एकाच संघातून उतरतो. खऱ्या गप्पा तिथेच होतात. मावशीच्या गुडघ्याचं काय झालं, याची सबमिशन्स कुठवर आली, शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोण पळून गेलं. फोन केला तर "काय चाललंय?" "काही नाही गं ताई" याच्या पुढे न जाणारा हा मुलगा खेळताना तासभर बोलतो.

गेल्या वर्षी काही महिने हे सगळं बिनसलं. मी भिंतीआडून डोकावायच्या आधीच मेलेली असायचे. त्याचा आवाज तुकड्यातुकड्यांत यायचा. माझ्या घरी फायबर, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर, स्पीड टेस्ट झकास. मग हिशोब सरळ होता. मी म्हणाले, "अरे, तुझ्याकडचं नेट बघ जरा."

त्याने बघितलं. स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून नवा राउटर आणला. बिल्डिंगला नेट देणाऱ्या केबलवाल्याशी दोनदा भांडला. हॉलपासून बेडरूमपर्यंत वायर टाकली, तिला मावशी अडखळली. फरक शून्य. दोष माझ्या बाजूला होता, हे कळायला मला आणखी महिना लागला.

तुम्ही मेलबर्नमध्ये असा, टोरंटोत किंवा लीड्समध्ये, "तिकडचं नेट खराब असणार" हे वाक्य तुमच्याही तोंडून कधीतरी गेलं असेल. आपल्या पॉडकास्टमध्ये नेटवर्कवर बोलताना या गोष्टीला वेळ मिळाला नाही, म्हणून इथे लिहितेय. मला बोलायचंय ते एका लेखनप्रकाराबद्दल. 'कनेक्शनची अडचण कशी सोडवाल' ही यादी आपण सगळ्यांनी वाचलीय, पण ती मजकूर म्हणून कधी वाचलेली नाही. तशी वाचली, तर ती आपल्याला काय शिकवते आणि काय लपवते ते दिसतं.

यादीचं व्याकरण

कुठल्याही मोठ्या खेळाचं मदतीचं पान उघडा. कॉम्प्युटर बंद करून चालू करा. राउटर बंद करून तीस सेकंद थांबा. वायफाय सोडून वायर लावा. बाकीची डाउनलोड थांबवा. ड्रायव्हर अपडेट करा. पोर्ट उघडा. डीएनएस बदला. अँटिव्हायरस तात्पुरता बंद करा. आणि सगळ्यात शेवटी: तरीही अडचण असल्यास आपल्या इंटरनेट कंपनीशी संपर्क साधा.

क्रियापदं बघा. सगळी आज्ञार्थी, आणि सगळ्यांचा कर्ता तुम्ही. जागा बघा. सगळं तुमच्या घरात घडतं. घराचा उंबरठा ओलांडणारी ओळ एकच, तीही शेवटची, आणि कंपनीला नेमकं काय विचारायचं ते तिच्यात नाही. घर आणि सर्व्हर यांच्यामध्ये हजारो किलोमीटर काच, डझनभर राउटर आणि चार-पाच कंपन्या असतात. या यादीत त्यांचा पत्ताच नाही.

यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही. वायफायमुळे खरंच त्रास होतो. घरातला दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे राउटरमधली रांग. तुम्ही खेळत असता आणि त्याच वेळी कुणाचा तरी फोन लग्नाचे चारशे फोटो क्लाउडवर चढवत असतो. राउटर ते सगळे फोटो रांगेत उभे करतो, आणि तुमच्या खेळाचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला लागतं. मिरवणुकीत अडकलेल्या रिक्षासारखं. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव रूढ केलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर 'कोडेल' हा रांग आवरण्याचा उपाय मांडला. आज बऱ्याच राउटरांत तो 'एसक्यूएम' किंवा तत्सम नावाने असतो. नुसता चालू करायचा असतो. गंमत अशी, की घरातल्या घरात सर्वांत गुणकारी ठरणारा हा उपाय अशा याद्यांत क्वचितच सापडतो.

उलट 'डीएनएस बदला' हे हमखास सापडतं. डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देण्याचं. सामना सुरू झाला की पत्ता आधीच मिळालेला असतो. मग ऐन चकमकीतला लॅग डीएनएस बदलून कसा जाईल? पोस्टमनला घर सापडल्यावर आपण टेलिफोन डिरेक्टरी बदलतोय.

आणि स्पीड टेस्ट? ती सहसा तुमच्याच शहरातल्या, बऱ्याचदा तुमच्याच कंपनीच्या जवळच्या सर्व्हरपर्यंत मोजते. नळाला पाणी किती जोरात येतं ते तिने कळतं. धरणापासूनचा कालवा कुठून वळवलाय, ते तिला माहीत नसतं. माझ्या झकास स्पीड टेस्टने मला हेच सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

सिंगापूर मधोमध आहे

आधी भूगोल आणि पदार्थविज्ञान, कारण तिथे कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद. हिशोब सोपा आहे: किलोमीटरला १०० ने भागा, की त्याहून कमी कधीच होणार नाही असा पिंगचा आकडा मिळतो. खऱ्या केबली वळणं घेतात आणि मधले राउटर थोडा वेळ खातात, म्हणून खरा आकडा त्याहून जास्तच असतो.

आता नकाशा बघा. सरळ रेषेत पर्थ ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर? तेही सुमारे ३,९००. पुण्याहून मुंबईपर्यंतचा तुकडा जेमतेम एका मिलिसेकंदाचा. म्हणजे पर्थ आणि पुण्यातल्या भावंडांना सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचं असेल, तर निसर्गाने दोघांना जवळजवळ सारखाच, ४० च्या आसपासचा आकडा देऊ केलाय. रस्ता सरळ असेल तर व्यवहारात दोघांनाही पन्नास-साठ मिळायला हरकत नाही.

त्याला साठच्या आसपास मिळत होता. मला दीडशे, आणि संध्याकाळी त्याहून वर उड्या. "सिंगापूर लांब आहे, चालायचंच" असं मी स्वतःला समजावलं होतं. नकाशा उघडून एकदा भागाकार केला असता, तर माझ्या भावाचे राउटरचे पैसे वाचले असते.

सिडनी-मेलबर्नवाल्यांनी आपापला हिशोब वेगळा करावा. सिडनी ते सिंगापूर सुमारे ६,३०० किलोमीटर, म्हणजे किमान ६३. तिथे नव्वदच्या घरातला आकडा प्रामाणिक समजा. सिडनी ते मुंबई १०,१०० किलोमीटरच्या वर. तिथे शंभराच्या खाली कुणीही नेऊ शकत नाही, कितीही पैसे भरा. दूरच्या गावात, स्काय मस्टर उपग्रहावर राहणाऱ्यांचा प्रश्न तर आणखी निराळा. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहे. वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, एवढा प्रवास केला की निव्वळ प्रकाशाच्या वेगालाच ४८० मिलिसेकंद लागतात. अशा घरातल्या माणसाला "राउटर बंद करून चालू करा" सांगणं म्हणजे थट्टाच. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांची सेवा आल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना पहिल्यांदा खेळता आलं, ते याच कारणाने.

वाट कोण ठरवतं

मग माझे जादा शंभर मिलिसेकंद कुठे गेले? घरून सिंगापूरच्या एका पत्त्यापर्यंत ट्रेसराउट चालवला. पॅकेट वाटेत कुठल्या कुठल्या राउटरांना शिवतं, त्याची ही यादी. राउटरांच्या नावांत बऱ्याचदा विमानतळांसारखी शहरांची लघुरूपं असतात. माझं पॅकेट पर्थहून निघून आधी सिडनीला जात होतं आणि तिथून सिंगापूरला. ३,३०० अधिक ६,३००. निव्वळ काचेचा हिशोब ९६. बाकीचं वळणांत आणि संध्याकाळच्या गर्दीत.

याला मराठीत नेमका शब्द आहे: द्राविडी प्राणायाम.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून तोच पत्ता तपासला. तिथून पॅकेट सरळ वर गेलं. आकडा पन्नासच्या जवळ. शहर तेच, समुद्र तोच. विद्यापीठ आर्नेटवर आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं आणि सीएसआयआरओ यांच्या मालकीच्या नेटवर्कवर. पर्थ-सिंगापूर जोडणाऱ्या इंडिगो केबलमध्ये आर्नेट स्वतः भागीदार आहे. फरक करारांचा होता.

इंटरनेटवर मोठ्या नेटवर्कांमधली वाट बीजीपी नावाच्या नियमावलीने ठरते. १९८९ मध्ये कर्क लॉगहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी जेवणाच्या टेबलावर कागदी नॅपकिनांवर तिचा पहिला आराखडा काढला, आणि आजही जग तिच्यावरच चालतं. महत्त्वाची गोष्ट ही, की बीजीपी मिलिसेकंद मोजत नाही. ती आधी बघते, की या नेटवर्कच्या मालकाने कुठल्या शेजाऱ्याला पसंती दिलीय. मग बघते, मध्ये किती नेटवर्कं लागतात. पसंती बहुतेक वेळा पैशावर ठरते. ज्या शेजाऱ्याशी फुकट देवाणघेवाणीचा, म्हणजे पीअरिंगचा करार आहे, तो आधी. ज्याला पैसे मोजावे लागतात, तो नंतर. तुमच्या कंपनीचा स्वस्त करार सिडनीत असेल, तर तुमचं पॅकेट सिडनीला जाणार. तो करार लॉस एंजेलिसमध्ये असता, तर पॅकेट पर्थ, सिडनी, लॉस एंजेलिस आणि मग सिंगापूर असं सुमारे २९,५०० किलोमीटर फिरलं असतं, आणि पिंग तीनशेच्या वर गेला असता. कुठेही काहीही बिघडलेलं नसताना.

म्हणून 'अडचण' हा शब्दच इथे फसवा आहे. माझ्या बाबतीत सगळी यंत्रं ठरल्याप्रमाणे चालू होती. कुणीतरी ठरवलेल्या वाटेनेच पॅकेट जात होतं. हे ठरवणारा माणूस यादीच्या व्याकरणात कुठेच येत नाही.

पर्थची एक केबल

पर्थच्या जुन्या खेळाडूंना हे वेगळं सांगावं लागत नाही. पर्थहून थेट सिंगापूरला जाणारी केबल कित्येक वर्षं एकच होती: सी-मी-वी ३. युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेली ही लांबलचक केबल मुंबईलाही किनाऱ्याला लागायची आणि पर्थलाही. पर्थचा फाटा वारंवार तुटायचा. दुरुस्तीचं जहाज येऊन केबल जोडेपर्यंत आठवडे जायचे, आणि तोवर पश्चिम ऑस्ट्रेलियाची आशियाकडची वाहतूक सिडनीमार्गे वळसा घ्यायची. त्या आठवड्यांत पर्थमधले किती जण आपापल्या घरी राउटर तीस सेकंद बंद ठेवून बसले असतील! केबल तुटलीय समुद्रात आणि आपण हॉलमध्ये प्लग काढतोय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय?

२०१८च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलिया-सिंगापूर केबल सुरू झाली, ४,६०० किलोमीटरची. २०१९ मध्ये इंडिगो आली. आता काच भरपूर आहे. पण काच असणं आणि आपल्या कंपनीने तिच्यावर जागा घेतलेली असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. गावाबाहेरून महामार्ग गेला म्हणून तुमची एसटी त्यावरून जातेच असं नाही.

हा झगडा जुनाच आहे. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने, एसीसीसीने, इंटरनेट जोडणीच्या अटींवरून टेल्स्ट्राला नोटीस बजावली. त्यानंतर टेल्स्ट्राने ऑप्टस, ओझईमेल आणि कनेक्ट यांच्याशी पीअरिंगचे करार केले. लहान कंपन्या या चौकडीबाहेरच राहिल्या, आणि चौघांना 'गँग ऑफ फोर' हे नाव पडलं. त्याच दशकात पर्थमधल्या लहान कंपन्यांनी दुसरी वाट काढली: वेस्टर्न ऑस्ट्रेलियन इंटरनेट एक्स्चेंज. सगळ्यांनी एका जागी वायरी आणायच्या आणि आपसातली वाहतूक तिथल्या तिथे बदलायची. नाहीतर पर्थच्या एकाच गल्लीत दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट वापरणाऱ्या शेजाऱ्यांची पॅकेटं सिडनीत जाऊन भेटायची. ते एक्स्चेंज आजही सभासदांची ना-नफा संस्था चालवते. गावच्या दूध सोसायटीचा कारभार ऐकत वाढलेल्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

भारतातही हाच प्रश्न होता. देशातली वाहतूक परदेशात जाऊन परत येऊ नये म्हणून २००३ मध्ये निक्सी स्थापन झालं. पण तिथला सुरुवातीचा नियम 'जो माहिती मागेल तो पैसे भरेल' असा होता, आणि त्यामुळे तिथे यायला अनेक नेटवर्कं कचरली. म्हणजे वाटांचं भांडण दोन्हीकडचं आहे. 'तिकडचं नेट खराब' या वाक्यात हा सगळा इतिहास झाकला जातो आणि दोष जाऊन पडतो पुण्यातल्या एका बेडरूमवर.

स्वतःचा रस्ता बांधणारे

या विषयावरचा मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला मजकूर एका खेळाच्या कंपनीचाच आहे. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्सच्या नेटवर्क अभियंत्यांनी 'फिक्सिंग द इंटरनेट फॉर रिअल टाइम ॲप्लिकेशन्स' नावाची लेखमाला लिहिली. इंटरनेट हे व्हिडिओ आणि वेबपानं वाहून नेण्यासाठी सोयीचं आहे, खेळाच्या चिमुकल्या आणि तातडीच्या पॅकेटांसाठी नाही, आणि वाटा ठरतात त्या पैशाच्या हिशोबाने, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. मदतीच्या यादीत जो कर्ता गायब असतो, तो इथे हजर आहे. तंत्रज्ञानावरचं लेखन असं असावं: दोष कुठे राहतो, ते पत्त्यासकट सांगणारं.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, स्वतःचं नेटवर्क उभारलं, म्हणजे खेळाडूचं पॅकेट लवकरात लवकर त्यांच्या रस्त्यावर यावं. दोन, २०१५च्या ऑगस्टमध्ये उत्तर अमेरिकेचे सर्व्हर पोर्टलंडहून शिकागोला हलवले. पूर्व किनाऱ्यावरच्यांचा पिंग कमी झाला, पश्चिमेकडच्यांचा वाढला. कुणाच्याही घरात काहीही न बदलता.

लेखमालेचं मी कौतुक करते, पण माझा आक्षेप इथेच सुरू होतो. रस्ता वाईट आहे हे मान्य करून त्यांनी उत्तर काढलं ते खाजगी रस्त्याचं. मोठ्या कंपनीला ते परवडतं. चार मित्रांनी मिळून बनवलेल्या खेळाला कसं परवडणार? व्हॉल्वने २०१९ मध्ये आपलं रिले नेटवर्क स्टीमवरच्या इतर खेळांना खुलं केलं. ते चांगलंच झालं, पण म्हणजे सरळ वाटेसाठी कुणाच्या तरी दुकानात यावं लागणार. सार्वजनिक रस्ता सुधारण्याचा प्रश्न तसाच राहतो. आणि तुमच्या दारापासून त्यांच्या रस्त्याच्या तोंडापर्यंतचा तुकडा पुन्हा तुमच्याच कंपनीच्या हातात. माझं पॅकेट ज्या वळणावर सिडनीकडे गेलं, ते वळण नेमकं त्याच तुकड्यात होतं.

शिकागोचा निर्णय आणखी एक गोष्ट दाखवतो. मध्य कुठे धरायचा, हे कुणीतरी ठरवतं. २०१३ मध्ये 'लीग'चा ओशिॲनिया सर्व्हर सिडनीत आला आणि तोवर अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळणारे ऑस्ट्रेलियन खेळाडू खूश झाले. ते रास्तच होतं. पण 'ओशिॲनिया' हा विभाग आखताना गृहीत काय धरलंय? तुमचे मित्र तुमच्या शेजारी राहतात, हे. आपल्यासारख्यांचे सवंगडी तर तीन टाइमझोनांत विखुरलेले. 'व्हॅलोरंट'मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच आशिया-पॅसिफिक विभागात येतात, म्हणून मामेभावंडांना एका संघात खेळता येतं. विभागाची रेघ जरा इकडेतिकडे ओढली असती, तर तेही गेलं असतं. कुणाशी खेळता येईल हे ठरवणाऱ्या रेघांना आपण 'सेटिंग' म्हणतो, आणि म्हणूनच त्यांच्यावर कधी बोलत नाही.

आपण खेळाडू काय करतो

कंपन्यांना बोलून झालं. आता आपल्याकडे येऊ. आपल्या ग्रुपांवर दोन उपाय फिरतात.

पहिला, गेमिंग व्हीपीएन. हा कधीकधी खरंच चालतो. वाट वाकडी असेल आणि व्हीपीएनची वाट सरळ असेल, तर आकडा उतरतो. मी पंधरा दिवस फुकटची सवलत वापरून पाहिली, तेव्हा माझाही उतरला. पण याचा अर्थ नीट लावा. व्हीपीएनने काम केलं, तर तो तुमच्या कंपनीची वाट वाकडी असल्याचा पुरावा आहे. तो पुरावा घेऊन कंपनीकडे जायचं, की दरमहा दुसऱ्याला पैसे भरत राहायचं? आणि वाट आधीच सरळ असेल, तर व्हीपीएन काहीच करू शकत नाही. प्रकाशाला घाई करता येत नाही.

दुसरा, ट्रेसराउटचा स्क्रीनशॉट टाकून एखाद्या ओळीभोवती लाल गोल काढणं. "बघा, सहाव्या टप्प्यावर २०० मिलिसेकंद! पकडला चोर!" थांबा. मधल्या राउटरचं मुख्य काम पॅकेटं पुढे ढकलणं. "तू कोण?" या प्रश्नाला तो सवडीने उत्तर देतो किंवा देतच नाही. सहाव्या ओळीत २०० आणि सातव्या ओळीत पुन्हा ५० दिसत असतील, तर सहावा राउटर निर्दोष आहे. वाढलेला आकडा तिथून शेवटच्या ओळीपर्यंत टिकला, तरच ती जागा संशयास्पद. शिवाय ट्रेसराउट फक्त जातानाची वाट दाखवतो. परतीची वाट वेगळी असू शकते, आणि ती बघायला समोरच्या बाजूनेही ट्रेसराउट चालवावा लागतो. म्हणजेच पुण्यातल्या भावाची मदत लागते. त्याच्यावर खापर फोडून झालं असेल, तर ती मागणं अवघड जातं.

बरी यादी कशी असेल

टीका करणाऱ्याने निदान एक पर्याय समोर ठेवावा. माझ्या मते चांगली यादी प्रश्न तीन भागांत वाटून घेईल: घर, वाट आणि अंतर.

अंतर आधी, कारण ते एका भागाकारात कळतं. किलोमीटर भागिले १००. तुमचा आकडा त्याच्या दीडपटीच्या आत असेल, तर विषय संपला. जवळचा सर्व्हर निवडा किंवा दोघांच्या मधला.

मग घर. राउटरलाच पिंग करा. तिथेच आकडा उड्या मारत असेल, तर वायफाय किंवा वायर. मग एकीकडे मोठी फाइल अपलोड करत बाहेरच्या पत्त्याला पिंग करा. अपलोड सुरू होताच आकडा फुगला, तर ती राउटरमधली रांग. एवढ्या दोन चाचण्यांत घराचा निकाल लागतो.

मग वाट. दुपारी एकदा आणि रात्री एकदा ट्रेसराउट घ्या. एसीसीसी आपल्या ब्रॉडबँड मोजणीत संध्याकाळी ७ ते ११ हे गर्दीचे तास धरतं. फक्त त्याच वेळात त्रास होत असेल, तर कुठेतरी क्षमता कमी पडतेय. दिवसभर सारखाच मोठा आकडा असेल, तर वाट लांबची आहे. मग दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून, मित्राच्या घरून किंवा फोनच्या हॉटस्पॉटवरून, त्याच पत्त्याची वाट बघा. फोनच्या नेटवर आकडा स्वतःच हलता असतो, तेव्हा त्यावर लक्ष देऊ नका. पॅकेट कुठल्या शहरातून जातंय ते बघा.

आणि शेवटी ती विसरलेली ओळ, कंपनीला काय लिहायचं? "लॅग होतोय" लिहिलंत की यादीच परत येते. माझ्या पहिल्या पत्राला तीच आली. दुसऱ्या पत्रात मी एवढंच लिहिलं: या पत्त्याकडे जाणारी वाट तुमच्या नेटवर्कमध्ये सिडनीमार्गे वळते, इतर नेटवर्कवरून थेट जाते, दोन्ही ट्रेसराउट वेळेसकट जोडले आहेत, कृपया हे तुमच्या नेटवर्क विभागाकडे पाठवा. दाद नाही मिळाली, तर ऑस्ट्रेलियात टेलिकम्युनिकेशन्स इंडस्ट्री ओम्बड्समनकडे तक्रार नेता येते. ग्राहकाला त्याचे पैसे पडत नाहीत. मात्र वाट कशी असावी याचा कायदा नाही, हेही ध्यानात असू द्या. तुमची तक्रार सेवेबद्दल असावी लागते.

मला तिथवर जावं लागलं नाही. साडेतीन आठवड्यांनी एका गुरुवारी आकडा पंचावन्नवर आला. कुणी काही कळवलं नाही. माझ्या पत्राने झालं, की कुणी तरी कुठला तरी करार बदलला, हे मला कधीच समजणार नाही.

त्या शनिवारी मी भावाला सगळं सांगितलं. पर्थ, सिडनी, सिंगापूर, नॅपकिन, सगळं. तो ऐकत होता, आवाज पहिल्यांदाच न तुटता येत होता. मग म्हणाला, "म्हणजे ताई, माझं नेट आधीपासून ठीक होतं."

"हो."

"मी केबलवाल्या काकांशी उगाच भांडलो."

राउटरचे पैसे मी त्याला पाठवले. काकांकडे तो दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन आला.